थोरल्या दादाची वारी

कल्याण,
ज्येष्ठ शुद्ध पंचमी

ती. आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही बोलता बोलता थांबलात, ते अजून मनातून जात नाही. अण्णाआजोबांचं वर्षश्राद्ध झालं, आता वारकऱ्याची माळ तुम्ही घाला, असं महाराज म्हणाले. आणि तुम्ही मला म्हणालात, "माझ्यात कुठे त्यांच्याएवढा भाव? एकादशीसुद्धा नेमाने होत नाही माझ्याच्यानं." तेव्हा मला काही सुचलं नाही, म्हणून लिहिते आहे. आई, तू मोठ्याने वाचून दाखव. बाबांनी चष्म्याचा नंबर अजून तपासला नसणार.

अण्णा म्हटलं की लोकांना त्यांचे टाळ आठवतात, तो खडा आवाज आठवतो. दशक्रियेला रामकुंडावर जो तो तेच सांगत होता. मला मात्र नोटप्रेसमधली पहिली पाळी संपवून घरी येणारे अण्णा आठवतात. सायकल भिंतीला लावायची, आधी माईच्या हातातली पाण्याची बादली घ्यायची, मग पाय धुवायचे आणि मग हरिपाठ. हा क्रम कधी उलटा झालेला मी पाहिला नाही.

ज्ञानोबा सगळ्यांची माउली, पण अण्णांचा जीव निवृत्तिनाथांत. त्यांना ते नुसतं 'दादा' म्हणायचे. पौषवारीच्या कडाक्याच्या थंडीत मला घोंगडीत गुंडाळून त्र्यंबकला नेलं होतं, तेव्हा मी आठेक वर्षांची असेन. दर्शनबारीत उभे असताना त्यांनी सगळी कथा सांगितली. आई-वडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं आणि चार लेकरं उघडी पडली. थोरल्याने तिघांना सांभाळलं, ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांकडून मिळालेलं स्वतःपाशी न ठेवता ज्ञानदेवांना दिलं. मग १२९६ साली ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली, पाठोपाठ सासवडला सोपानदेव गेले, पुढच्या वर्षी मुक्ताईही गेली. सगळ्या धाकट्यांना निरोप देऊन दादा एकटे उरले, आणि मग इथे त्र्यंबकला विसावले. एवढं सांगून अण्णा गप्प झाले. उपरण्याने डोळे पुसताना मी त्यांना पाहिलं, पण कारण कळलं नाही.

कारण कळलं ते गेल्या वर्षी. आत्याआजी सांगत होती, वडील गेले तेव्हा अण्णा सतरा वर्षांचे होते. पाठीवर दोन भाऊ आणि एक बहीण. तिचं लग्न होईपर्यंत त्यांनी स्वतःच्या लग्नाचा विषय काढू दिला नाही. दोन्ही भाऊ पुढे त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. तुम्हाला हे सगळं माहीत असणार बाबा, पण मला कुणी सांगितलंच नव्हतं. अण्णांनी तर नाहीच.

कॉलेजात असताना मी त्यांच्याशी फार वाद घालायचे. पंचवीस-सव्वीस दिवस चालून विठोबा काय देतो, असं एकदा तोंडावर विचारलं. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला काळारामाला घेऊन गेले आणि आत न जाता दाराशीच उभे राहिले. "२ मार्च १९३०. याच देवळात शिरता यावं म्हणून बाबासाहेबांनी इथे सत्याग्रह सुरू केला. पाच वर्षं माणसं दाराशी तिष्ठली, दार उघडलं नाही. आपण दिंडीत एकमेकांच्या पाया पडतो ना? मग तेव्हा आपण कुठे होतो?" त्यांच्या आवाजात एवढी वेदना मी कधीच ऐकली नव्हती. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं नाही, पण त्यानंतर मी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

आणि माईचं आजारपण. पालखी सिन्नरला पोचली होती आणि इकडे माई न्हाणीघरात पाय घसरून पडली. तुम्ही निरोप धाडलात, "आम्ही आहोत, तुम्ही पुढे चला." तरी अण्णांनी गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घातली, दिंडीला नमस्कार केला आणि मिळेल त्या एसटीने रात्री दारात हजर. त्यानंतर माई सहा वर्षं अंथरुणावर होती आणि सहाही वर्षं त्यांची वारी चुकली. लोक हळहळायचे. ते म्हणायचे, "दादांनी तिघांचं केलं. मला एकीचंच करायचंय." तिची वेणी ते घालायचे, आठवतं ना आई? तू घालते म्हणालीस तरी नाही. सैल, वाकडी वेणी, आणि वर मोगऱ्याचं एक फूल. पालखी नाशिकरोडवरून पळशाकडे निघाली की तिला चाकाच्या खुर्चीवर बसवून रस्त्याच्या कडेला न्यायचे आणि तिचा हात धरून पादुकांपर्यंत पोचवायचे. अण्णांचा भाव मी पाहिला तो तिथे, त्या गर्दीत, खुर्ची ढकलताना.

आता तुमचं. शेवटचे तीन महिने अण्णांची कूस दर दोन तासांनी कोण बदलत होतं? रात्री गजर लावून कोण उठत होतं? पाठीला जखम होऊ नये म्हणून पावडर कोण लावत होतं? मी सुट्टीत आले तेव्हा पहाटे तीनला तुम्ही त्यांचे पाय चेपत हलक्या आवाजात हरिपाठ म्हणत होता. चार ओळी चुकलात. अण्णांनी डोळे न उघडता एक दुरुस्त केली, बाकीच्या तशाच जाऊ दिल्या. मी दाराआडून ऐकत होते. तुम्हाला अजून ठाऊक नाही.

माळ घालायची की नाही, हे तुम्हीच ठरवा. एकादशी जमत नसेल तर तेही महाराजांना मोकळेपणी सांगा. फक्त भाव नाही असं पुन्हा म्हणू नका, माझ्याच्यानं ऐकवत नाही.

पौर्णिमेच्या सुमारास पालखी त्र्यंबकहून निघेल, मग सातपूर, नाशिक आणि तिसऱ्या मुक्कामाला पळसे. मी आदल्या संध्याकाळी पंचवटीने येते. आई, दिंडीच्या भाकरींसाठी बाजरी एकटी दळायला नेऊ नकोस, तुझा गुडघा दुखतो. पिठलं मी करीन. अण्णांचे टाळ माळ्यावरून काढून चिंचेने घासून ठेवा बाबा, आणि माईची ती खुर्चीही खाली काढा. आत्याआजीला यंदा चालवत नाही, तिला पालखी बघायची आहे.

तुमची,
लेक