मिलोची भाकरी आणि भूतानचे दोन हजार कोटी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

श्रीमंत देशांनी परक्यांना मदत करावी की आधी घरचं पाहावं, यावर आपल्या पत्रस्तंभात सध्या पत्रं येत आहेत. बहुतेकांचा सूर एकच दिसतो: अमेरिकेनं मदत बंद केली ते बरंच केलं, आपणही तसंच करावं. मला हे पटत नाही. का पटत नाही ते सांगायला १९७२ पर्यंत मागे जावं लागेल.

त्या दुष्काळात मी सात वर्षांचा होतो. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो. आताच्या पोरांना मिलो ठाऊक नाही. जात ज्वारीचीच, पण रंग लाल आणि चव तुरट. पिठाला चिकटपणा म्हणून नाही. आई कढत पाण्यात पीठ मळायची, तरी थापताना कडा फाटायच्या आणि तव्यावर टाकेपर्यंत भाकरीचे दोन तुकडे व्हायचे. ती ते तुकडे तव्यावरच शेजारी शेजारी सरकवून भाजायची. आम्ही भावंडांनी नाकं मुरडली आणि खाल्ली. दुसरं काही नव्हतंच.

त्याच्याही आधीपासून अमेरिकेचा गहू ‘पी. एल. ४८०’ खाली आपल्याकडे येत होता. कायदा १९५४ चा. तिकडे धान्याचे ढीग लागले होते, शेतकऱ्याला भाव मिळेना, म्हणून सरकारनं ते उचलायचं आणि टंचाईच्या देशांना द्यायचं, अशी ती सोय होती. म्हणजे त्या मदतीत त्यांच्या शेतकऱ्याचं हित पहिल्या दिवसापासून होतं. त्याच गव्हातून गाजर गवताचं बी आलं असं मानतात. ते गवत मी आजही बांधावरून उपटतो आणि संध्याकाळपर्यंत हाताची खाज जात नाही. तेव्हा परक्याची मदत म्हणजे सगळं गोडच, असं मी म्हणणार नाही.

आता अलीकडचं. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेनं परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी थांबवली आणि १ जुलैला १९६१ पासून चालत आलेली, परदेशी मदत वाटणारी सरकारी संस्था ‘यूएसएड’ बंद केली. तेव्हा ओरड फक्त आफ्रिकेतून झाली नाही, कॅन्सस राज्यातूनही झाली. तिथला शेतकरी ज्वारी पिकवतो आणि त्याच १९५४ च्या कायद्याखालच्या अन्नमदतीसाठी सरकार ती ज्वारी विकत घेत असे. खरेदी अडकली तशी ज्वारी कोठारात पडून राहिली. ‘आधी आपला माणूस’ म्हणून घाव घातला आणि तो आपल्याच माणसावर बसला.

दुसरी बातमी वाचून मला त्या रात्री जेवण गेलं नाही. अफगाणिस्तान आणि पाकिस्तानातल्या उपाशी लेकरांसाठी घेतलेली पौष्टिक बिस्किटं, सुमारे ५०० टन, दुबईच्या गोदामात पडून राहिली. पैसे आधीच मोजलेले होते. वाटप अडलं, मुदत संपली आणि शेवटी ती जाळून टाकायची वेळ आली. मी सुकडीच्या रांगेत उभा राहिलेलो आहे, संपादक महोदय. त्या जाळण्यानं अमेरिकेतल्या कोणत्या गरिबाच्या ताटात घास पडला?

माझं मुख्य म्हणणं हेच आहे. बाहेर जाणारा पैसा अडवला की तो घरच्या गरिबाकडे वळतो, असं सगळे गृहीत धरतात. तो वळलेला मला दिसत नाही. यूएसएड बंद झाली १ जुलैला. ४ जुलैला तिथे जो मोठा कायदा सहीला आला, त्यात गरिबांच्या औषधोपचाराच्या आणि अन्नाच्या योजनांनाही कात्री लागली. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत होती, ती २०२१ मध्ये ०.५ वर आणली. आता २०२७ पर्यंत ०.३ वर नेणार आहेत. हे पैसे कुठे जाणार तेही तिथल्या पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं: संरक्षण खर्चाला. दवाखान्याला नाही, बेघरांनाही नाही. ज्या हाताला परक्याचं द्यायचं जड जातं, त्याला घरच्या गरिबाचंही जडच जातं, हा माझा ग्रामसेवकीतला तीस वर्षांचा अनुभव इथेही तसाच निघाला.

आणि रक्कम तरी केवढी? १९७० साली संयुक्त राष्ट्रांत ठरलं की श्रीमंत देशांनी उत्पन्नाच्या ०.७ टक्के, म्हणजे शंभर रुपयांतले सत्तर पैसे द्यावेत. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग अशा मोजक्या देशांनी ते पाळलं. २०२३ मध्ये सगळ्या श्रीमंत देशांचा मिळून हिशेब शंभराला ३७ पैसे होता. अमेरिकेतल्या माणसाला विचारलं तर तो सांगतो, आमच्या सरकारचा पाव खर्च परदेशी मदतीवर जातो. खरा आकडा एक टक्क्याच्या आसपास होता. अशा गैरसमजावर राग पोसला जातो आणि त्या रागावर निवडणुका जिंकल्या जातात.

आमच्याकडेही तेच चालू आहे. २०२५ च्या सप्टेंबरातल्या पुरानं आमच्या भागात रानं खरडून नेली. सोयाबीन तर गेलंच, खालची मातीही गेली, मुरूम उघडा पडला. गावातल्या हॉटेलात एक पोरगा मला म्हणाला, “काका, आपल्या रानात माती राहिली नाही अन् सरकार भूतानला दोन हजार कोटी द्यायलंय. आधी घरचं बघावं का नाही?” त्याचा राग खोटा नव्हता. त्याची दीड एकर जमीन नदीकाठची, ती मी पाहून आलो होतो.

पण हिशेब पाहा. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात भूतानला २,१५० कोटी होते आणि सगळ्या देशांना मिळून ५,४८३ कोटी. एकूण अर्थसंकल्प ५० लाख कोटींच्या वर. शंभर रुपयांतले जेमतेम अकरा पैसे. पुरानंतर राज्यानं जाहीर केलेलं पॅकेज ३१,६२८ कोटींचं होतं. सगळ्या देशांची मदत बंद करून एकट्या महाराष्ट्राला दिली तरी त्याच्या सहाव्या हिश्श्याएवढीच भरेल. शिवाय भूतानमधले चुखा आणि ताला हे जलविद्युत प्रकल्प भारताच्या पैशातून उभे राहिले आणि तिथली वीज आपण घेतो. माझं स्वतःचं अनुदान अडकलं ते आधारवरच्या आणि सातबाऱ्यावरच्या नावात एका वेलांटीचा फरक होता म्हणून. त्यासाठी मी चार खेपा घातल्या. भूताननं माझं काही अडवलेलं नव्हतं. त्या पोराच्या जमिनीत गाळमाती कोण आणि कधी टाकणार, हा प्रश्न त्यानं मुंबईला विचारावा. मीही त्याच्यासोबत अर्ज घेऊन येईन असं मी त्याला सांगितलं आहे.

‘आधी आमचं भागू द्या’ हे वाक्य तर मराठवाड्यानं निदान ओळखायला हवं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असला की वरच्या धरणांतून पाणी सोडायचं ठरलेलं आहे, आणि टंचाईच्या वर्षी नाशिक-नगरकडून आपण हेच वाक्य ऐकतो. तिथला शेतकरी दुष्ट नाही, त्यालाही पीक जगवायचं असतं. फरक एवढाच की आपल्या बाजूनं पाणीवाटपाचा २००५ चा कायदा आहे. सुदानमधल्या आईच्या बाजूनं कुठलाही कायदा नाही, देणाऱ्याची इच्छा तेवढी आहे.

मदत कशी द्यावी, यावर मात्र वाद घालायला मी तयार आहे, कारण ती मी वाटली आहे. ३० सप्टेंबर १९९३. रात्री गणपती विसर्जन होऊन लोक झोपले होते, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. पंचनामे आणि याद्या हे माझं काम. देशातून आणि बाहेरून इतकं आलं की ठेवायला जागा नव्हती. तंबू आणि ब्लँकेटं आली ती देवासारखी. पण नऊवारी नेसणाऱ्या बायांपुढे पँटी आणि फ्रॉकांचे ढीगही पडले. पुढे पुनर्वसनाला जागतिक बँकेचं सुमारे २४ कोटी ६० लाख डॉलरचं कर्ज मिळालं, श्रीमंत देशांच्या वर्गणीवर चालणाऱ्या तिच्या शाखेकडून, लांबच्या मुदतीचं. त्यातून ५२ गावं नव्या जागी बसवली.

घरं पक्की झाली, यात शंका नाही. पण भूमिहीनाला २५० चौरस फूट, मधल्याला ४०० आणि मोठ्या जमीनदाराला ७५० हा हिशेब मी माझ्या हातानं यादीत भरला आहे. ज्याचं जास्त होतं त्याला जास्त. मजुराच्या घरातही माणसं तेवढीच मेली होती. नवी गावं शहरासारखी सरळ रेषेत आखली. म्हाताऱ्या बाया म्हणायच्या, “दारात बसून कुणाशी बोलावं? समोर नुसता रस्ता.” याउलट ज्या गावांत लोकांना जागेवरच घर दुरुस्त करायला टप्प्याटप्प्यानं पैसे दिले, गवंडी त्यांनी निवडला आणि कोपरे बांधून कसे घ्यायचे तेवढं इंजिनिअरनं दाखवलं, तिथली कामं लोकांनी उभं राहून करून घेतली. श्रीमंत देशांनी द्यावं ते असं: घेणाऱ्याला विचारून.

आमच्या भागानं नुसतं घेतलेलं नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. ३४२ किलोमीटरवरून पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हा सांगलीच्याच जत-आटपाडीत टंचाई होती. तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, सांगली-कोल्हापूर पुरात बुडालं. त्या वेळी आमच्याकडे पाऊस नव्हता. गावात टँकर चालू होता, जनावरांना वैरण नव्हती. तरी मारुतीच्या पारावर ठरलं की घरटी भाकरी आणि चटणी द्यायची, टेम्पो रात्रीच निघेल.

माझी आई तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढे होती. सुनेला बाजूला सारून ती स्वतः चुलीपुढे बसली. आमच्या घरची पांढरी ज्वारी, मऊ पीठ. तिनं तीस भाकरी थापल्या, एकही फुटली नाही. फडक्यात बांधताना तिनं मला विचारलं, “तिकडच्या लोकांना ज्वारी चालती का रं? इचारलंस का कुणाला?”

आपला नित्य वाचक,
एक निवृत्त ग्रामसेवक
लोहारा तालुका, जि. धाराशिव