नीसच्या किनाऱ्यावर वाळू नाही

दिनांक : 16 जून 2025
पुणे

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग,
परदेश सहली, पुणे कार्यालय

विषय : फ्रान्समधील नीस शहर व इटली येथील सप्टेंबर 2025 च्या कौटुंबिक सहलीच्या आराखड्यातील चुका, दिशाभूल करणारी माहिती आणि भरलेली रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

14 मार्च रोजी मी आपल्या कार्यालयात येऊन चौघांच्या सहलीची नोंदणी केली. मी, माझे पती, आमची मुलगी आणि माझी आई. गौरी-गणपती आटोपल्यावर निघायचं, 7 सप्टेंबरला नीसला पोचायचं आणि पुढे इटली करून परत यायचं, असं ठरलं. तयार ग्रुप टूर आम्ही मुद्दाम घेतली नाही. आपल्या प्रतिनिधीने सांगितलं की घरातल्या माणसांच्या वयाप्रमाणे, आवडीप्रमाणे, एकेक दिवस विचार करून आराखडा बनवून मिळेल. त्यासाठी आराखडा शुल्क म्हणून 15,000 रुपये वेगळे घेतले आणि सहलीची आगाऊ रक्कम म्हणून 2,40,000 रुपये. दोन्ही पावत्या सोबत जोडल्या आहेत, बुकिंग क्रमांक त्यांवर आहे.

आता आईबद्दल सांगते, कारण ही सगळी सहल तिच्यासाठी आहे. ती 72 वर्षांची आहे. माहेर गुहागरचं. लग्नानंतर पुण्यात आली आणि समुद्र सुटला तो सुटलाच. दोन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याच्या सांध्याची शस्त्रक्रिया झाली. परदेशी जायचं म्हटल्यावर तिने एकच गोष्ट मागितली : समुद्रात पाय बुडवून वाळूवर निवांत बसायचं. म्युझियम नाही दाखवलंत तरी चालेल, म्हणाली. म्हणून नोंदणीच्या दिवशी मी आपल्या प्रतिनिधीला पहिला प्रश्न तोच विचारला. तोंडी विचारून थांबले नाही, व्हॉट्सॲपवरही विचारला : ‘नीसला किनाऱ्यावर वाळू आहे ना? आईला दगडांवरून चालता येणार नाही.’ दहा मिनिटांत उत्तर आलं : ‘मॅडम, काळजीच करू नका. व्हाइट सँड बीच आहे, आईंना खूप आवडेल.’ या संभाषणाचा फोटो सोबत आहे.

नीसच्या किनाऱ्यावर वाळू नाही. तिथे गोटे आहेत, करड्या रंगाचे, गुळगुळीत, कुठे अंड्याएवढे तर कुठे मुठीएवढे. आल्प्सकडून येणाऱ्या नद्यांनी आणलेले. आणि पाण्यात उतरलं की लगेच खोली वाढते, गुहागरसारखा लांबवर गुडघाभर पाण्याचा पट्टा नाही. तिथले लोकसुद्धा रबराचे बूट घालून पाण्यात उतरतात. शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याने त्या गोट्यांवरून पाण्यापर्यंत जाणं म्हणजे पडण्याला आमंत्रण. ही काही गुप्त माहिती नाही. नीसबद्दल चार ओळी वाचणाऱ्या कोणालाही ती पहिल्यांदा कळते.

आम्हाला ती कशी कळली, तेही ऐका. आपण पाठवलेल्या रंगीत पुस्तिकेत ‘नीस, फ्रान्स’ असं लिहून खाली पांढऱ्या वाळूचा फोटो आहे. पाण्यावर ओणवलेली झाडं, गवताने शाकारलेली खोपटी. मे महिन्यातल्या एका रात्री जेवण झाल्यावर आई तो फोटो चष्मा लावून बघत बसली होती. बराच वेळ बघून म्हणाली, ‘अगं, हा तर माड आहे. तिकडे हिवाळ्यात थंडी पडते म्हणतेस, मग माड कसा जगेल?’ माझ्या इतक्या वेळा बघूनही लक्षात आलं नव्हतं. नीसच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर झाडं आहेत ती खजुराच्या जातीची, नारळाची नाहीत. फोटो दुसऱ्याच कुठल्या तरी उष्ण देशातला आहे. मुलीने त्याच रात्री फोनवर नीसच्या किनाऱ्याचे फोटो शोधून दाखवले. सगळ्या फोटोंत गोटेच गोटे. आई काही बोलली नाही. पुस्तिका मिटून टीपॉयखाली ठेवली आणि आत गेली.

त्या रात्रीनंतर मी आपला आराखडा ओळ न ओळ तपासला. आधीच तपासायला हवा होता असं आपण म्हणाल. पण ते काम मी 15,000 रुपये देऊन आपल्यावर सोपवलं होतं.

सोमवार, 8 सप्टेंबर, सकाळ : ‘कूर सालेया येथील प्रसिद्ध फुलबाजार’. मंगळवार, 9 सप्टेंबर : ‘मातीस आणि शागाल संग्रहालये’. नीसच्या जुन्या भागातला फुलबाजार सोमवारी नसतो. त्या दिवशी तिथे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. आणि मातीस व शागाल ही दोन्ही संग्रहालयं मंगळवारी बंद असतात. म्हणजे दोन दिवस, तीन ठिकाणं आणि तिन्ही चुकीच्या वारी. मुलगी चित्रकला शिकते. चित्रकार हेन्री मातीस 1917 मध्ये नीसला आला आणि 1954 मध्ये तिथेच वारला. त्याच्या चित्रांत येणारा तो खिडकीतला निळा उजेड प्रत्यक्ष बघायचा म्हणून ती वर्षभर वाट बघते आहे, आणि आपण तिला बंद दारापुढे उभी करणार होतात. सोमवार आणि मंगळवार यांची नुसती अदलाबदल केली असती तर फुलबाजारही झाला असता आणि संग्रहालयंही. एवढीशी दुरुस्ती. पण ती करायला कोणीतरी कॅलेंडर उघडून बसावं लागतं, आणि तसं कोणी बसलेलं नाही हे स्पष्ट आहे.

मंगळवारी दुपारी ‘नीसचा किल्ला, पायऱ्यांनी चढून, 2 तास’. नीसच्या त्या टेकडीला किल्ल्याची टेकडी म्हणतात, पण किल्ला चौदाव्या लुईच्या हुकमाने 1706 मध्येच पाडून टाकला. आता वर बाग आहे, धबधबा आहे, खाली पसरलेल्या उपसागराचं सुरेख दृश्य आहे. ते बघायला आम्ही आनंदाने गेलो असतो. पण महाराष्ट्रातल्या माणसाला किल्ला म्हणून सांगितलं की तो बुरूज आणि तटबंदी शोधणार, हे निदान पुण्यातल्या कंपनीला कळायला हवं. शिवाय त्या टेकडीवर जायला पायथ्यापासून लिफ्ट आहे. आईच्या गुडघ्याची नोंद आपल्या फॉर्मवर असतानाही आराखड्यात पायऱ्या लिहिल्या आहेत, लिफ्टचा उल्लेखही नाही.

हॉटेलचं तर विशेष लिहायला हवं. ‘प्रोमेनाद देझांग्लेवर, समुद्रासमोर’ असं सांगून आपण त्याचे जास्त पैसे लावले. हा समुद्रकाठचा रस्ता सुमारे 7 किलोमीटर लांब आहे. जुनं शहर, फुलबाजार, किल्ल्याची टेकडी हे सगळं त्याच्या पूर्वेच्या टोकाला. आपण निवडलेलं हॉटेल पश्चिमेच्या टोकाला, विमानतळाच्या कुंपणाजवळ. पत्ता खरा आहे, त्यात खोटं काही नाही, म्हणूनच मला जास्त राग आला. मग तिथून रोज शहरात नेण्या-आणण्यासाठी तीन दिवसांच्या खासगी गाडीचा वेगळा खर्च लावला आहे. विमानतळापासून थेट बंदरापर्यंत ट्राम जाते, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही.

जेवणाबद्दल थोडक्यात. आई पूर्ण शाकाहारी आहे. आपल्या टिपणात ‘पिसालादिएर, कांद्याचा पिझ्झा, शाकाहारी’ असं दिलं आहे. त्यावर अँचोवी नावाचे छोटे खारवलेले मासे असतात, त्या पदार्थाचं नावच माशांच्या चटणीवरून पडलं आहे. आईने विश्वासाने खाल्लं असतं तर? आणि जे तिला खरंच चाललं असतं ते सोक्का, हरभऱ्याच्या पिठात पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल घालून लाकडाच्या भट्टीत भाजलेलं, आपल्या बेसनाच्या धिरड्याच्या अगदी जवळचं, ते नीसचं खास खाणं टिपणात कुठेच नाही. त्याऐवजी तिन्ही रात्री एकाच भारतीय हॉटेलात पनीर.

हे सगळं एक वेळ मी पोटात घातलं असतं. व्हिसाच्या कागदांचं मात्र घालता येणार नाही.

मूळ आराखड्यात नीसला पाच रात्री आणि इटलीत तीन रात्री होत्या, म्हणून व्हिसाचा अर्ज फ्रान्सकडे करायचा होता. 22 मे रोजी आपण ईमेल पाठवून नीसच्या तीन आणि इटलीच्या पाच रात्री केल्या, कारण ‘हॉटेल उपलब्धता’. आम्हाला न विचारता. त्याबद्दलची तक्रार वेगळीच. पण रात्री बदलल्यावर अर्जही बदलायला हवा होता. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या सामाईक व्हिसाचा, नियम असा की जिथे जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. म्हणजे आता तो इटलीकडे जायला हवा. गेल्या आठवड्यात तपासायला म्हणून मी फाइल मागवली, तर अर्ज फ्रान्सचाच, हॉटेलचं पत्र नीसच्या पाच रात्रींचं, आणि त्यालाच जोडलेलं रेल्वेचं तिकीट 10 सप्टेंबरला नीसहून इटलीला निघण्याचं. एकाच फाइलमध्ये आम्ही 11 तारखेला नीसमध्ये झोपलेलेही आहोत आणि इटलीतही. हे बघणारा अधिकारी आम्हाला खोटारडे समजला तर त्याचा काय दोष? माणशी 90 युरो फी तर परत मिळतच नाही, पण नकाराची नोंद राहते आणि पुढच्या अर्जांवर तिचा परिणाम होऊ शकतो. माझी मुलगी पुढच्या शिक्षणासाठी युरोपात अर्ज करणार आहे. आपल्या निष्काळजीपणाची नोंद तिच्या नावावर लागली असती.

हे मी फोनवर सांगितलं तेव्हा मिळालेली उत्तरं अशी. वाळूबद्दल : ‘युरोपात बीच असेच असतात मॅडम.’ नसतात. नीसहून रेल्वेने साधारण अर्ध्या तासावर आंतिब आणि झुआं-ले-पँ इथे वाळूचे किनारे आहेत. आपल्याला शहराची माहिती असती तर पहिल्याच दिवशी आपण म्हणाला असतात, की ताई, नीसला गोटे आहेत, पण आईंसाठी एक दिवस आंतिबला ठेवू. मी आभार मानले असते. संग्रहालयांबद्दल : ‘तिथला गाइड ॲडजस्ट करेल.’ बंद दार गाइड कसं ॲडजस्ट करणार? व्हिसाबद्दल : ‘अजून फाइल सबमिट केलेली नाही ना, मग नुकसान काय झालं?’ आणि सहल रद्द करायची म्हटल्यावर : ‘नियमानुसार 50 टक्के कापले जातील.’

ही कपात मला मान्य नाही. ग्राहकाने मन बदललं तर रद्द करण्याचा नियम लागतो. इथे मी मन बदललेलं नाही. जे सांगून पैसे घेतले ते अस्तित्वातच नाही. दुसऱ्या देशाचा फोटो या शहराचा म्हणून छापणं, लेखी विचारल्यावर नसलेली वाळू आहे म्हणून सांगणं, न विचारता मुक्काम बदलणं आणि परस्परविरोधी कागद आमच्या सहीने पुढे पाठवायची तयारी करणं, हे ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल या दोन्हींत बसतं असं माझं म्हणणं आहे.

तेव्हा माझी मागणी अशी. आराखडा शुल्काचे 15,000 आणि आगाऊ रकमेचे 2,40,000, असे एकूण 2,55,000 रुपये कोणतीही कपात न करता पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत माझ्या खात्यावर जमा करावेत. व्हिसाची फाइल कुठेही पाठवू नये. पुस्तिकेतून तो फोटो काढावा आणि ज्यांना ज्यांना ती पाठवली आहे त्यांना तसं लेखी कळवावं, कारण मुद्दाम वाळूसाठी नीस निवडणारी आणखी एखादी आजी त्यांच्यातही असेल. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (1915) तक्रार नोंदवेन आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पावत्या, व्हॉट्सॲपवरचं संभाषण, पुस्तिकेचं पान, 22 मेचा ईमेल आणि फाइलमधल्या कागदांच्या प्रती या पत्रासोबत आहेत.

आमची सहल रद्द झालेली नाही, हेही कळवते. आईला आम्ही समुद्रावर नेणारच आहोत. आता मुलगी आणि मी मिळून आराखडा करत आहोत. मुक्काम जुन्या शहराजवळ, नीसला पाच रात्री, फुलबाजार मंगळवारी, मातीस सोमवारी आणि बुधवारचा पूर्ण दिवस आंतिबच्या वाळूवर. त्यासाठी फ्रान्सच्या व्हिसाची वेळ आम्हाला ताबडतोब घ्यायची आहे. अर्जाला पंधरा दिवस लागतात, कधी कधी 45 सुद्धा, आणि उन्हाळ्यात वेळ मिळणं किती कठीण असतं ते आपल्याला ठाऊक आहे. आमचे चारही पासपोर्ट आपल्या कार्यालयात आहेत. पैशांचा निर्णय व्हायचा तेव्हा होवो, पासपोर्ट त्यासाठी अडवून ठेवू नयेत. मी येत्या शनिवारी, 21 जूनला सकाळी 11 वाजता ते न्यायला येत आहे. काउंटरवर तयार ठेवावेत आणि दिल्याची पोचही तयार ठेवावी.

आपली,
(सही)