गरम पाण्याची मागणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कामगार दिनाच्या पुरवणीत आपण संपांवरच्या चित्रपटांची यादी दिली होती. तीत 'सॉल्ट ऑफ द अर्थ' नव्हता, म्हणून हे पत्र. हा चित्रपट आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नाही. मलाही तो मोबाइलवर भलतेच काही शोधताना सापडला, आणि मग घरातल्या सगळ्यांना बसवून मी तो पुन्हा लावला.

अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या एम्पायर झिंक कंपनीच्या खाणीत ऑक्टोबर 1950 ते जानेवारी 1952 असा संप चालला. कामगार बहुतेक मेक्सिकन वंशाचे. त्या संपावरचा हा चित्रपट, आणि त्यातली बरीचशी कामे खुद्द खाण कामगारांनी व त्यांच्या घरच्यांनी केली आहेत. नायक रामोन झालेला ह्वान चाकोन तर त्या युनियनचा अध्यक्षच.

गोऱ्या कामगारांच्या घरात नळ आहेत, यांच्या घरात नाहीत. रामोनची बायको एस्पेरांझा पोटुशी असतानाही लाकडे फोडून पाणी तापवते. बायका म्हणतात, गरम पाण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घाला. पुरुष म्हणतात, आधी खाणीतली सुरक्षा, बाकीचे पुढे बघू.

मग कोर्टाचा मनाई हुकूम येतो: संपकरी कामगारांनी, संप फोडायला येणाऱ्यांना अडवण्यासाठी, खाणीच्या वाटेवर पहारा द्यायचा नाही. हुकूम कामगारांना आहे, त्यांच्या बायकांना नाही. युनियनच्या सभेत बायका उठून सांगतात, आम्ही उभ्या राहतो. गदारोळ होतो, कारण मत सभासदांना आणि सभासद सगळे पुरुष. तेव्हा सभा तहकूब करून तीच वस्तीची सभा म्हणून पुन्हा भरवतात, आणि बायका मत देतात. कामकाजाच्या एका साध्या ठरावाने केवढा दरवाजा उघडतो! तो प्रसंग मी मागे नेऊन पुन्हा पाहिला.

पुढे बायका अश्रुधूर सोसतात, पोराबाळांसकट तुरुंगात जातात, तान्ह्या बाळाच्या दुधासाठी कोठडीत असा एकसुरी ओरडा करतात की शेरीफ, म्हणजे तिथला पोलीस प्रमुख, टेकीला येतो. इकडे घरी रामोन दोरीवर कपडे वाळत घालतोय. पाणी तापवता तापवता दमल्यावर त्याच्याच तोंडून निघते की ही मागणी पहिल्यापासून असायला हवी होती. तरी तो लगेच सुधारत नाही. पुढे बायकोवर हात उगारतोच, आणि ती त्याला बजावते की हे पुन्हा कधी करायचे नाही. चित्रपटाचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला.

दिग्दर्शक हर्बर्ट बिबरमन हॉलिवूडच्या काळ्या यादीतले, म्हणजे कम्युनिस्ट म्हणून ज्यांना काम देणे बंद झाले त्यांच्यातले, तुरुंगवास भोगलेले. एस्पेरांझा झालेल्या मेक्सिकन अभिनेत्री रोसौरा रेव्हुएल्तास यांना काम पुरे व्हायच्या आत अटक करून मायदेशी धाडले. 1954 मध्ये चित्रपट आला, तेव्हा प्रोजेक्टर चालवणाऱ्यांच्या संघटनेनेच तो दाखवायला नकार दिला. कामगारांचा सिनेमा कामगारांच्या संघटनेने अडवावा, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटले. 1992 मध्ये त्याच अमेरिकेने त्याची राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंद केली.

मी सोलापूरची. इथे हजारो बायका घरी विड्या वळतात. मोर्चा निघाला की रस्ताभर बायकाच दिसतात, आणि वाटाघाटीला आत जाणाऱ्या शिष्टमंडळात शोधावी तेव्हा एखादी सापडते. मुंबईत आझाद मैदानावर ठाण मांडून बसलेल्या आशाताईंना विचारून पाहा, लघवीला जायची सोय हा विषय निवेदनात कितव्या क्रमांकावर येतो. सत्तर वर्षांपूर्वीची एस्पेरांझा हेच तर विचारत होती.

अमेरिकेत या चित्रपटाचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे आणि तो इंटरनेटवर मोफत पाहता येतो. आपल्या पुरवणीत त्यावर सविस्तर लेख यावा. फिल्म सोसायट्यांनी आणि मुख्य म्हणजे युनियनच्या कचेऱ्यांनी तो दाखवावा, संध्याकाळी उशिरा नव्हे, बायकांना येता येईल अशा वेळी. संवाद इंग्रजी आणि थोडे स्पॅनिश आहेत, पण अवघड नाहीत. कुणी मराठी सबटायटल्स करायला घेणार असेल, तर भाषांतराला हातभार लावायची माझी तयारी आहे.

आपली,
एक वाचक, सोलापूर