मिहू बोलेल गं, घाई नको

सानू,

काल फोनवर "मी रडत नाहीये" म्हणालीस पण मला कळतं गं. मिहू एप्रिलपासून तिथल्या जपानी शाळेत एक शब्द बोललेली नाही हे तू मला जूनमध्ये सांगतेस! असो, रागावले नाहीये. रात्रभर डोक्यात तेच, जेवण वाढायची पाळी असते तेव्हा तरी बोलत असेल का, बाकावरच्या मुलीशी तरी?

आधी ते अ‍ॅप आणि फ्लॅशकार्ड बंद कर. हिरागानाची, म्हणजे जपानी लिपीची ४६ अक्षरं तिला येतातच की, अ इ उ ए ओ, मग क, स, त, न, क्रम बराचसा आपल्या वर्णमालेसारखाच, संस्कृत शिकलेल्या बौद्ध भिक्षूंमुळे आलेला, म्हणून तर पटापट उचलले तिने. अडलंय ते अक्षरापाशी नाही. माझ्या क्लासमधली पोरं पण सुरुवातीला तोंड उघडायची नाहीत, तेव्हा मी कारुता काढायचे. एकाने ओळ वाचायची, बाकीच्यांनी त्या अक्षराचं कार्ड शोधून फाडकन हात मारायचा. न बोलणाऱ्यालाही जिंकता येतं त्यात! रोज रात्री तिघं खेळा, वाचायचं काम निखिलचं.

७ जुलैला तानाबाताचा सण येतोय, बांबूच्या फांदीला रंगीत कागदावर इच्छा लिहून बांधतात. तिची इच्छा तिलाच लिहू दे, मराठीत लिहिली तरी चालेल, फक्त "मला शाळेत बोलता येऊ दे" असं तू सुचवू नकोस. आणि शनिवारी त्या बाकावरच्या मुलीला घरी बोलाव, ओनिगिरी करा, तिथला तांदूळ आपल्या इंद्रायणीसारखा चिकट, मिठाच्या पाण्याने हात ओले करून त्रिकोण वळायचे. दोघींचे हात भाताने बरबटलेले असले की कोण बोलतंय कोण नाही याकडे लक्षच जात नाही. तू मध्ये दुभाषी होऊ नकोस हं. बघ, परत क्लास घ्यायला लागले, सॉरी.

पण हुबळी आठवते ना? बाबांची बदली, तू दुसरीत, कन्नडचं अक्षर येत नव्हतं. शाळेतून आलीस की पायरीवर बसून राहायचीस, बाबा म्हणायचे ट्यूशन लावू, मी देवापुढे रडायचे. शेवटी मागच्या घरातल्या पोरींनी तुला सागरगोट्यांना घेतलं आणि दिवाळीपर्यंत तू त्यांच्याशी कन्नडमधून भांडत होतीस. तिकडे ओतेदामा असतात तशाच, कापडाच्या छोट्या पिशव्या, आत अझुकीचे, त्या लाल कडधान्याचे दाणे. मायलेकी मिळून शिवा. माझ्या जुन्या इरकलीचे तुकडे पाठवतेय, दाणे तिथेच घ्या, पार्सलमध्ये धान्य अडकतं.

निखिल इंडियन स्कूलचं म्हणतोय, त्याचंही चूक नाही. पण उन्हाळ्याची सुट्टी होऊ दे ना. पहिलीच्या सगळ्या पोरांसारखी तीही आसागाओची, त्या फुलांच्या वेलाची कुंडी सुट्टीत घरी आणेल, व्हिडिओ कॉलवर मला वेल केवढा झाला ते हात उंच करून दाखवत होती, किती खूश होती गं! अशी पोर गप्प राहील का? की तिला गप्प राहायची सवयच लागेल... परत तेच आलं.

ऑफिस सांभाळून वॉर्ड ऑफिसचे फॉर्म, पालकसभा सगळं जपानीतून निभावतेस, मी कॉलनीभर सांगत फिरते. जेवत जा वेळेवर.

रविवारी फोन करेन तेव्हा शाळेत बोलली का हे विचारणार नाही, नक्की. पण कारुता वाचायची पाळी तिने स्वतःहून मागितली तर लगेच कळव, कितीही वाजलेले असोत.

आई