जनुकपेढी चालवण्याच्या खर्चाचीही तरतूद हवी

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १० लाख जननद्रव्य नमुन्यांसाठी, म्हणजे पिकांच्या वेगवेगळ्या वाणांचे बियाण्यांसारखे साहित्य जपून ठेवण्यासाठी, दुसरी राष्ट्रीय जनुकपेढी उभारण्याची घोषणा झाली. तिचे मनापासून स्वागत. मात्र ती चालवण्याचा खर्च दरवर्षी, अखंड मिळेल याची तरतूदही आत्ताच व्हायला हवी.

दिल्लीत १९९६ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या पेढीत साडेचार लाखांहून अधिक नमुने जतन केलेले आहेत. तिथे उणे १८ अंश सेल्सिअस तापमान अहोरात्र टिकवावे लागते. पण खर्च केवळ विजेचा नाही. बी सजीव असते. शीतगृहातही त्याचा जोम हळूहळू ओसरतो. ठरावीक वर्षांनी उगवण तपासायची, ती घटली की बी शेतात पेरायचे आणि दुसऱ्या वाणाचे परागकण मिसळू न देता नवे बी धरायचे. याला जमीन, मजूर आणि जाणकार माणसे लागतात. निधी आटला तर हे न दिसणारे कामच आधी मागे पडेल, अशी मला भीती वाटते.

कोणता नमुना कधी कामी येईल, सांगता येत नाही. १९७० च्या सुमारास भातावरील ‘ग्रासी स्टंट’ विषाणूला तोंड देण्यासाठी फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांवर नमुने तपासले. प्रतिकारशक्ती सापडली ती उत्तर प्रदेशातल्या एका रानभातात. ते बी तोवर मेलेले असते तर?

२००४ मध्ये स्थापन झालेला ‘क्रॉप ट्रस्ट’ हा आंतरराष्ट्रीय न्यास कायम निधीच्या उत्पन्नातून जनुकपेढ्यांना मदत करतो. आपल्या दोन्ही पेढ्यांसाठी केंद्राने तसाच राखीव निधी उभारावा.

– एक कृषी पदवीधर, अहिल्यानगर