सध्या काय वाचता आहात, ते कळवा : सार्वजनिक वाचनालयाचे वाचकांना व हितचिंतकांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळातर्फे हे आवाहन गावातील आणि पंचक्रोशीतील सर्व वाचकांना, मग ते वाचनालयाचे सभासद असोत वा नसोत, करण्यात येत आहे. येत्या वाचन प्रेरणा दिनापासून, म्हणजे १५ ऑक्टोबरपासून, वाचनालयाच्या दर्शनी भागात ‘सध्या वाचनात’ या नावाचा एक फळा लावावा आणि त्याखाली त्याच नावाची एक नोंदवही ठेवावी, असे मंडळाने ठरवले आहे. आपण या आठवड्यात जे पुस्तक वाचत आहात, त्याची नोंद या वहीत करावी, ही आमची पहिली विनंती. या कामासाठी पुस्तक, वेळ किंवा पैसा यांपैकी जे शक्य असेल ते द्यावे, ही दुसरी. मदतीच्या आवाहनात पैशाचा उल्लेख आधी यावा अशी रीत असली, तरी आम्हाला पहिली विनंती अधिक मोलाची वाटते. म्हणून तिच्याविषयी आधी आणि सविस्तर लिहीत आहोत.

वाचनालयाकडे देवघेवीची नोंदवही असतेच. कोणत्या सभासदाने कोणत्या तारखेला कोणते पुस्तक नेले आणि केव्हा परत केले, एवढे तिच्यावरून समजते. ते पुस्तक वाचले गेले, की चार पाने चाळून उशाशी पडून राहिले आणि मुदत संपल्यावर निमूटपणे परत आले, हे मात्र समजत नाही. शिवाय गावातील वाचनाचा बराच भाग या वहीच्या बाहेरच आहे. कोणी परभणीला किंवा छत्रपती संभाजीनगरला कामानिमित्त गेल्यावर पुस्तक विकत आणतो, कोणाला पुण्यात नोकरीला असलेली मुलगी पाठवते, कोणी मोबाइलवर वाचतो, तर कोणी शेजाऱ्याचे मागून आणतो. एकाच गल्लीत दोन घरी एकच कादंबरी चालू असते आणि त्या दोन वाचकांना एकमेकांचा पत्ता नसतो. वर्षाकाठी ग्रंथखरेदीची यादी करताना मंडळालाही मग अंदाजानेच चालावे लागते आणि तो अंदाज बहुतेक वेळा मंडळावरील चार-सहा सदस्यांच्या आवडीचाच असतो, हे मान्य केले पाहिजे.

आपल्या भागात ग्रंथवाचन ही मुळात खाजगी गोष्ट नव्हती. अखंड हरिनाम सप्ताहात ज्ञानेश्वरीच्या पारायणाला मंडपात ओळीने माणसे बसतात, अठरा अध्याय सात दिवसांत वाटून घेतलेले असतात आणि आज वाचन कुठवर आले, हे चहाच्या टपरीवरच्या माणसालाही ठाऊक असते. पारायणाला बसलेल्या मावशीला वाटेत कोणीही थांबवून ‘कितवा अध्याय लागला?’ असे विचारतो आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. चातुर्मासात एखाद्या वाड्यात पोथी लागली, की ऐकायला येणाऱ्यांत अक्षरओळख नसलेली माणसेही असत आणि तीही त्या वाचनात तितकीच सहभागी असत. छापखाने येण्यापूर्वी तर कोणाकडे कोणती पोथी आहे, हे माहीत असल्यावाचून अभ्यासकाचे पाऊल पुढे पडत नसे. पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. लोकांच्या घरोघर असलेल्या पोथ्या उघड्या नसत्या, तर असे काम उभे राहणे कठीण होते. पोथीबाबत आपण जे सहज विचारतो, ते कादंबरी, आत्मचरित्र, प्रवासवर्णन किंवा कवितासंग्रह वाचणाऱ्याला विचारायला आज संकोचतो. हा संकोच थोडा कमी व्हावा, एवढ्यासाठी हा फळा आहे.

फळा लावण्यापूर्वी चाचणी म्हणून ग्रंथपालांनी देवघेवीच्या टेबलावर काही दिवस एक साधी वही ठेवून पाहिली. तिच्यातील काही नोंदी, लिहिणाऱ्यांच्या संमतीने आणि त्यांची नावे न देता, येथे सांगणे योग्य वाटते. एका एसटी वाहकाने लिहिले आहे की, मुक्कामी गाडीवर ड्युटी असली की रात्री ते एक अनुवादित रशियन कादंबरी वाचतात, पात्रांची लांबलचक नावे लक्षात राहत नाहीत म्हणून त्यांनी शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने वंशावळ काढली आहे आणि पुढच्या वाचकाने ती खोडू नये. शिवणकाम करणाऱ्या एका ताईंनी एका स्त्रीचे आत्मचरित्र दुसऱ्यांदा वाचायला घेतल्याचे नोंदवून पुढे ‘पहिल्या वेळी तिच्या नवऱ्याचा राग आला होता, या वेळी सासूचा येत आहे’ असे एकच वाक्य लिहिले आहे. एका शेतकऱ्याने कृषी विद्यापीठाची हरभऱ्यावरील पुस्तिका नोंदवली आणि हे वाचन धरायचे की नाही, अशी शंका काढली, अर्थातच धरायचे. आणखी एका गृहस्थांच्या नोंदीने आम्हा सर्वांनाच थांबायला लावले. त्यांच्या वडिलांचे शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दू माध्यमातून झाले. वडिलांच्या पेटीत निघालेले उर्दू पुस्तक ते आता अक्षर लावत वाचत आहेत आणि ‘प्रगती’च्या रकान्यात त्यांनी ‘दिवसाला अर्धे पान’ असे लिहिले आहे. ती नोंद वाचून उर्दू शाळेतील एका निवृत्त शिक्षकांनी संध्याकाळी तासभर सोबत बसण्याची तयारी आपणहून दाखवली. वही ठेवण्यामागचा हेतू नेमका असाच होता, पण तो इतक्या लवकर साधेल अशी आम्हाला अपेक्षा नव्हती.

नोंद कशी करावी, याविषयी फारसे नियम नाहीत. पुस्तकाचे नाव, लेखकाचे किंवा अनुवादकाचे नाव, आपण कोठवर आला आहात आणि त्याविषयी सांगावेसे वाटणारे एखादे वाक्य, एवढे पुरे आहे. स्वतःचे नाव देणे ऐच्छिक आहे. ते द्यायचे नसेल तर केवळ ‘एक वाचक’ असे लिहावे. त्या पुस्तकाविषयी कोणी आपल्याशी बोललेले चालेल की नाही, तेवढे मात्र शेवटच्या रकान्यात जरूर नोंदवावे. पुस्तक मराठीच असले पाहिजे असे नाही. उर्दू, हिंदी, इंग्रजी, तेलुगू, कन्नड अशी कोणतीही भाषा चालेल आणि नोंदही त्या त्या लिपीत केली तरी चालेल. मध्येच सोडून दिलेले पुस्तकही नोंदवावे आणि शक्य असल्यास का सोडले तेही लिहावे, कारण खरेदीची यादी करताना आम्हाला त्याचा फार उपयोग होईल. दृष्टी कमी झाल्यामुळे जे ज्येष्ठ नागरिक नातवंडांकडून वाचून घेतात किंवा पुस्तके ऐकतात, त्यांनी आपण वाचक नाही असे कृपया समजू नये.

अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना स्वतंत्रपणे सांगावेसे वाटते. आपल्या वाचनालयात सकाळी दार उघडण्यापूर्वी पायरीवर बसलेले आणि रात्री दिवे मालवताना उठणारे वाचक हेच आहेत. त्यांनी संदर्भग्रंथांची नोंद करावीच; पण जेवणानंतरच्या अर्ध्या तासात अभ्यासाबाहेरचे काही वाचत असतील, तर तेही न संकोचता लिहावे. पालकांना कळेल म्हणून ते लिहीत नाहीत, असे ग्रंथपालांचे निरीक्षण आहे. नाव न देण्याची सोय त्यांच्यासाठीही आहे.

आता पुस्तकांविषयी. दरवर्षी दिवाळीच्या आवराआवरीत वाचनालयाला पुस्तके भेट मिळतात आणि देणाऱ्यांची भावना आम्ही जाणतो. तथापि अभ्यासक्रम बदललेली गाइडे, जुन्या प्रश्नपत्रिकांचे संच आणि वाळवी लागलेले अंक यांना जागा देणे आता शक्य नाही. कपाटे भरलेली आहेत आणि वाळवी देणगीच्या गठ्ठ्यापुरती थांबत नाही. त्याऐवजी आम्ही एक निराळी गोष्ट मागत आहोत. आपण नुकतेच वाचून संपवलेले, अजून आपल्या मनात ताजे असलेले पुस्तक तीन महिन्यांसाठी वाचनालयाला उसने द्यावे. पुस्तकाची मालकी आपलीच राहील, आतल्या पानावर तशी चिठ्ठी लावली जाईल आणि मुदतीनंतर ते आपल्याला घरपोच केले जाईल. फाटले किंवा हरवले तर नवी प्रत घेऊन देण्याची जबाबदारी वाचनालयाची राहील. ‘आमची पुस्तके गेली ती परत आली नाहीत’ हा अनुभव गावात अनेकांना आहे, म्हणून ही हमी मंडळाच्या ठरावात नोंदवण्यात आली आहे.

पैशाची गरज कशासाठी आहे, तेही स्पष्ट सांगतो. आपले वाचनालय महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये मान्यताप्राप्त असून त्यास शासनाचे वार्षिक अनुदान हप्त्यांनी मिळते. ग्रंथपालांचे व सेवकाचे वेतन, वीजबिल, वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि ठरलेली ग्रंथखरेदी यांतच ते संपते. एकाच पुस्तकाची दुसरी प्रत घेणे अशा हिशेबात नेहमी मागे पडते. फळ्यावर एखाद्या पुस्तकाचे नाव दिसले आणि ते मागणारे पाच-सहा वाचक उभे राहिले, तर एका प्रतीवर त्यांना महिनोन्‌महिने थांबावे लागेल आणि तोवर उत्साह निघून जाईल. ग्रंथालयशास्त्रात डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याविषयीचे आहे. दुसरी प्रत हा त्यावरचा सर्वांत साधा उपाय ठरतो. म्हणून या वर्षापुरता ४०,००० रुपयांचा ‘दुसरी प्रत निधी’ उभारण्याचे मंडळाने ठरवले आहे. या निधीतून फक्त फळ्यावर नोंद झालेली आणि वाचकांनी मागणी केलेली पुस्तके घेतली जातील. फळा, वह्या व छपाईचा खर्च मंडळाचे सदस्य स्वतः उचलत आहेत. मराठी कादंबरीची किंमत आज साधारणपणे ३०० ते ५०० रुपयांच्या घरात असते, त्यामुळे एका पुस्तकापुरती देणगीही उपयोगाची आहे. सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर देऊ, असे कोणी म्हटले तरी चालेल. आम्ही वाट पाहू.

या निधीचा एक भाग वेगळा ठेवला जाणार आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या परिसरातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि फाल्गुन-चैत्रात परततात. पंधरा दिवसांच्या देवघेवीच्या मुदतीत त्यांना पुस्तक देता येत नाही आणि अनामत भरणे अनेकांना परवडत नाही. या वर्षी टोळ्या निघण्यापूर्वी, मागणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला चार पुस्तके संपूर्ण हंगामासाठी अनामत न घेता द्यावीत, असा विचार आहे. कोपीवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या तात्पुरत्या झोपडीत, कंदिलाच्या किंवा मोबाइलच्या उजेडात काय वाचले गेले, ते परतल्यावर वहीत यावे अशी अपेक्षा आहे. पण ती अट नाही. पावसाने, चिखलाने खराब झालेल्या पुस्तकांबद्दल कोणाकडूनही भरपाई घेतली जाणार नाही. त्याची तरतूद याच निधीतून होईल.

शेवटी, माणसे हवी आहेत. आठवडी बाजाराच्या दिवशी वाचनालयाबाहेर टेबल मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नोंदी घेण्यासाठी, ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशा ज्येष्ठांकडे व भगिनींकडे जाऊन त्यांचे वाचन लिहून आणण्यासाठी आणि महिनाअखेरीस सर्व नोंदींचे एक पानी पत्रक तयार करून ते शाळा, महिला बचत गट, ग्रामपंचायती व बसस्थानक येथे लावण्यासाठी स्वयंसेवकांची आवश्यकता आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आठवड्यातून दोन तास दिले तरी हे काम निभेल. नोंदी घेणाऱ्यांनी लोकांच्या वाचनावर शेरे मारू नयेत, एवढी एकच सूचना आहे. कोणी रहस्यकथा वाचतो म्हणून भुवया उंचावणारा स्वयंसेवक आमच्या कामाचा नाही.

नोंदवही सोमवार सोडून रोज वाचनालयाच्या वेळेत उपलब्ध राहील. उसनी पुस्तके व देणग्या ग्रंथपालांकडेच द्याव्यात आणि प्रत्येक रकमेची छापील पावती अवश्य घ्यावी; पावतीशिवाय कोणालाही, मंडळाच्या सदस्यालासुद्धा, रक्कम देऊ नये. निधीचा जमाखर्च दर तीन महिन्यांनी त्याच फळ्याच्या एका बाजूस लावण्यात येईल आणि त्यातून घेतलेल्या प्रत्येक पुस्तकापुढे ते कोणत्या नोंदीवरून घेतले, ते लिहिलेले असेल. नोंदी १५ ऑक्टोबरपूर्वीही स्वीकारल्या जात आहेत.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
सार्वजनिक वाचनालय