किंमत आधी, हिशेब मागाहून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अर्थपुरवणीतला कंपन्यांच्या खरेदी-विक्रीवरचा लेख वाचला. पुढच्या दहा वर्षांची रोख, ती आजच्या भावात आणायचा व्याजदर, सिनर्जी (म्हणजे दोन कंपन्या एकत्र आल्याने होणारा जादा फायदा) वगैरे लेखकमहाशयांनी छान समजावलं आहे. वाचून वाटतं, चार सीए बसतात, आकडेमोड करतात आणि खालून किंमत बाहेर पडते.

मग कोरस या युरोपातल्या पोलाद कंपनीचं काय? ती घ्यायला टाटा स्टीलने ऑक्टोबर २००६ मध्ये शेअरमागे ४५५ पेन्स देऊ केले होते. ब्राझीलची पोलाद कंपनी सीएसएन मध्ये उतरली आणि जानेवारी २००७ अखेर लिलावात सौदा पटला ६०८ पेन्सला. सीएसएन ६०३ वर थांबली. भट्ट्या त्याच, कामगार तेच. फक्त दुसरं गिऱ्हाईक उभं राहिलं. आपण सगळ्यांनी फेटे उडवले, बाजाराने मात्र त्याच दिवशी टाटा स्टीलचा शेअर दहा टक्क्यांच्या आसपास पाडला. पुढे २०१३ मध्ये सुमारे १.६ अब्ज डॉलरचं, मुख्यतः युरोपातलं, गुडविल (म्हणजे मालमत्तेच्या किमतीवर मोजलेली जादा रक्कम) वहीतून पुसावं लागलं. २०१६ मध्ये कोरसकडून आलेला इंग्लंडमधला स्कन्थॉर्पचा कारखाना एका पौंडाला गेला. त्यातही सीएंचा अहवाल असणारच, नाही का?

दुसऱ्याची कंपनी घेताना असा सढळ हात आणि आमच्यासारख्या किरकोळ भागधारकाची वेळ आली की एकदम काटकसर! वडिलांनी घेतलेले एका जुन्या इंजिनिअरिंग कंपनीचे २५ शेअर माझ्याकडे होते. प्रवर्तकांनी ती आपल्याच मोठ्या कंपनीत विलीन केली. जुन्या दर १० शेअरमागे मोठ्या कंपनीचे ३. सोबत हा दर कसा काढला ते सांगणारं भलं जाडजूड पुस्तक आलं, ते मी चष्मा पुसून पुसून वाचलं. कंपनीची ठाण्यातली जमीन ताळेबंदात साठच्या दशकातल्या खरेदीच्या भावाने! शेजारच्या प्लॉटवर टॉवर उभे आहेत. मूल्यांकनकारांचं म्हणणं, उद्योग चालू आहे, जमीन विकायची नाही, म्हणून मालमत्तेवरून किंमत काढायच्या पद्धतीला भारांक शून्य, म्हणजे ती हिशेबात धरलीच नाही. न विकायच्या जमिनीची किंमत शून्य धरायची, तर मग माझा डोंबिवलीचा फ्लॅटही फुकटच म्हणायचा.

ऑनलाइन सभेत हेच विचारलं. पाऊण तास वाट पाहिल्यावर नंबर लागला. उत्तर मिळालं, 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.' पुढचा वक्ता अध्यक्षांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देऊ लागला.

साडेसात शेअर बसत होते. सात खात्यात आले. उरलेल्या अर्ध्याच्या पैशांचं वॉरंट, म्हणजे चेकसारखा कागद, काही महिन्यांनी आलं, तेही आडनाव चुकवून. बँकेतली मुलगी म्हणाली, 'काका, हे नाही वटायचं.' कंपनीच्या शेअरची नोंद ठेवणाऱ्या निबंधकांना दोन पत्रं पाठवली, पोच नाही. वीस-पंचवीस कोटींची सिनर्जी छापणाऱ्यांना माझं आडनाव मात्र जमत नाही.

उघड देकार (ओपन ऑफर, म्हणजे कंपनी ताब्यात घेताना इतर भागधारकांनाही शेअर विकत घेऊ म्हणून सांगणं) काढायचा असेल तर सेबीने निदान ६० दिवसांच्या सरासरी बाजारभावाचा, खरेदीदाराने आधीच्या ५२ आठवड्यांत दिलेल्या भावाचा आधार तरी बांधून दिला आहे. घरच्या घरात विलीनीकरण झालं की सगळी भिस्त त्या जाडजूड पुस्तकावर, आणि मूल्यांकनकाराची फी कोण देतं हे आपल्या लेखकांनी लिहिलेलं नाही. तेवढं एकदा लिहावं.

जाता जाता, शेअरचे भाव आपण इतके बारीक छापता की भिंग लागतं. त्याच पानावर अर्ध्या पानाची बिल्डरची जाहिरात मात्र आंधळ्यालाही दिसेल. ठाण्याचीच होती.

आपला,
एक जुना वर्गणीदार, डोंबिवली (पूर्व)